श्रमपरिहाराचा कलावंत : भगवानदादा पालव

उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपल्याला,
• भगवान आबाजी पालव ऊर्फ भगवानदादा यांच्या जीवनातील प्रमुख टप्पे सांगता येतील.
• आंगिक अभिनयावर आधारलेल्या विनोदाचे स्वरूप स्पष्ट करता येईल.
• श्रमपरिहार हे कलेचे एक प्रयोजन कसे ठरते, याची चर्चा करता येईल.

१. प्रास्ताविक



निफाडचे नाव निघाले, की चरित्रनायक म्हणून सर्वप्रथम न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचे स्मरण होते. १८४२ साली त्यांचा जन्म या गावी झाला. रानड्यांसारख्यांची चरित्रे आपण आदराने वाचतो, कारण त्यांनी समाजाला विचार करावयास लावले. प्रस्तुत घटकात मात्र आपण एका निराळ्या माणसाचे चरित्र पाहणार आहोत. दिवसभर राबून आलेल्या माणसांना त्याने दोन-अडीच तास हसवले, नाचवले आणि घरी पाठवले. एवढेच काम करणाऱ्या माणसाचे आयुष्य अभ्यासाचा विषय होऊ शकते काय, हा प्रश्न मनात ठेवूनच हा घटक वाचावा.

हा प्रश्न आपल्यालाही परका नाही. आपल्यापैकी बहुतेक जण दिवसा काम करून संध्याकाळी शिकतात. कोणी द्राक्षबागेत छाटणी किंवा विरळणी करून आलेले असते, कोणी लासलगावच्या बाजार समितीत कांद्याचा ट्रॅक्टर लिलावाच्या रांगेत लावून दिवसभर उन्हात उभे राहिलेले असते, तर कोणी नोकरी उरकून पुन्हा घरच्या चुलीपाशी उभे असते. अशा दिवसाच्या शेवटी पुस्तक उघडण्याआधी एखादा धडपडीचा, आपटाआपटीचा, डोक्याला ताप न देणारा चित्रपट पाहावासा वाटतो. तो पाहताना आपण मनमुराद हसतो आणि संपल्यावर वेळ वाया घालवल्याची टोचणी लागते. ही टोचणी कितपत रास्त आहे, हे भगवानदादांच्या आयुष्याच्या आधारे आपण तपासून पाहू.

२. श्रमपरिहाराची कल्पना

मराठीत 'श्रमपरिहार' हा अर्थपूर्ण शब्द आहे. एखादे कार्य तडीस गेल्यावर राबलेल्या मंडळींसाठी जे भोजन होते, त्यालाही आपण श्रमपरिहार म्हणतो. श्रम झाले आहेत, ते दूर केले पाहिजेत आणि ते दूर करणे हे कोणाचे तरी कर्तव्य आहे, असा तिहेरी अर्थ त्यात सामावला आहे.

ही कल्पना आपल्या कलाविचारातही जुनी आहे. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात पहिल्याच अध्यायात नाट्याची प्रयोजने सांगितली आहेत. दुःखाने, श्रमाने आणि शोकाने पीडलेल्यांना विश्रांती देणे हे त्यांपैकी एक प्रयोजन होय. येथे श्रमाने थकलेल्या माणसाचा स्वतंत्र उल्लेख आहे, याकडे लक्ष द्यावे. उपदेश आणि ज्ञान यांच्या शेजारीच भरतमुनींनी विश्रांतीला स्थान दिले आहे.

मात्र विश्रांतीसाठी मोकळा वेळ असावा लागतो आणि कष्टकऱ्यांना तो सहजी मिळालेला नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची साप्ताहिक सुटी मिळाली ती १८९० साली. त्यामागे नारायण मेघाजी लोखंडे यांचे प्रयत्न होते. कारखान्यांतील कामाच्या तासांवर १९२२ च्या कायद्याने आठवड्याला ६० तासांची मर्यादा आली. १९३४ च्या कायद्याने ती ५४ तासांवर आणि १९४६ च्या दुरुस्तीने ४८ तासांवर आली. भारतीय चित्रपट ज्या काळात वाढला, त्याच काळात कामगाराच्या हाती थोडी संध्याकाळ येऊ लागली. भगवानदादांचा प्रेक्षक या संध्याकाळीतून घडला.

३. जन्म आणि जडणघडण

भगवान आबाजी पालव यांचा जन्म १ ऑगस्ट १९१३ रोजी अमरावती येथे झाला. त्याच वर्षी ३ मे रोजी दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' मुंबईत प्रदर्शित झाला होता. भारतीय कथापट आणि भगवानदादा हे असे एकाच वर्षाचे होत. फाळके यांनी त्यानंतर आपला चित्रपट-उद्योग नाशिकला हलवला. 'मोहिनी भस्मासुर' या त्यांच्या पौराणिक चित्रपटाच्या जोडीला 'पिठाचे पंजे' हा लहानसा विनोदी चित्रपट दाखवला गेला. देवादिकांच्या कथेसोबत घटकाभर हसण्याची सोय असावी, ही जाण आपल्या चित्रपटाच्या आरंभापासूनच होती, असे यावरून दिसते.

भगवान यांचे वडील कापडगिरणीत कामगार होते. मुंबईच्या गिरणगावातील चाळीत त्यांचे बालपण गेले. गिरणीच्या भोंग्यावर उठणारी आणि भोंग्यावर परतणारी माणसे त्यांनी लहानपणापासून पाहिली. शालेय शिक्षण फारसे झाले नाही. पोटासाठी त्यांनी मजुरी केली. मन मात्र चित्रपटात गुंतलेले होते. तो काळ मूकपटांचा होता. तलवारबाजी, उड्या, पाठलाग यांनी भरलेल्या चित्रपटांतून मास्टर विठ्ठल यांच्यासारखे मराठी नट लोकप्रिय झाले होते. पडद्यावर शब्द ऐकू येत नसल्यामुळे सारा अर्थ शरीरानेच सांगावा लागे. भगवान यांची अभिनयाची पहिली शाळा हीच होय. मूकपटांच्या अखेरच्या काळात किरकोळ भूमिका करीत त्यांनी स्टुडिओत प्रवेश मिळवला आणि तेथेच राहून चित्रपटनिर्मितीची सर्व कामे हाताखाली शिकून घेतली.

४. स्टंटपटांचा काळ

१९३८ साली चंद्रराव कदम यांच्यासमवेत भगवान यांनी 'बहादूर किसान' हा चित्रपट दिग्दर्शित केला. तेथून सुमारे १९४९ पर्यंत त्यांनी कमी खर्चाचे अनेक स्टंटपट केले. पैसा तुटपुंजा असल्याने कलावंतांच्या कपड्यांपासून जेवणापर्यंतची व्यवस्था ते स्वतः पाहत. १९४१ साली त्यांनी 'वनमोहिनी' हा तमीळ चित्रपटही दिग्दर्शित केला. मराठी मातृभाषेचा हा दिग्दर्शक तमीळ प्रेक्षकांपर्यंत जाऊ शकला, कारण त्याची मुख्य भाषा हालचालींची होती.

या चित्रपटांत भगवान स्वतः बहुधा भोळ्या, सरळमार्गी माणसाची भूमिका करीत. हा माणूस धडपडतो, मार खातो, गोंधळ घालतो. परंतु शेवटी बलवानावर मात करतो. आपल्या तमाशातील सोंगाड्या किंवा संस्कृत नाटकातील विदूषक यांचे हे दूरचे नाते होय. प्रतिष्ठित समीक्षकांनी अशा चित्रपटांची फारशी दखल घेतली नाही. कामगारवस्तीतील चित्रपटगृहांत मात्र त्यांना गर्दी होई. दिवसभर मुकादमाचे ऐकून घेतलेल्या प्रेक्षकाला पडद्यावरचा एक साधा माणूस दांडग्याला पाडताना दिसला, की त्याच्या अंगातील शिणवटा उतरत असे.

१९४२ साली भगवान 'जागृती पिक्चर्स'चे निर्माते झाले आणि १९४७ साली चेंबूर येथे त्यांनी जागृती स्टुडिओ उभारला. गिरणी कामगाराच्या मुलाने स्वतःच्या मालकीचा स्टुडिओ उभा करणे, ही त्या काळी असामान्य गोष्ट होती.

याच वाटचालीत त्यांना एक मोलाचा सहकारी मिळाला. रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजेच संगीतकार सी. रामचंद्र, हे पुणतांब्याचे. निफाड तालुक्यातून नांदूर-मध्यमेश्वर ओलांडून पुढे गेलेली गोदावरी कोपरगावनंतर पुणतांब्याला पोहोचते. तेव्हा हे नाव आपल्या परिसराला जवळचेच आहे. भगवान यांच्या 'सुखी जीवन' (१९४२) या चित्रपटाने सी. रामचंद्र हिंदी चित्रपटसृष्टीत संगीतकार म्हणून आले. ही मैत्री पुढे आयुष्यभर टिकली.

५. एका थपडेची किंमत

भगवानदादांच्या चरित्रातील एक प्रसंग वगळून पुढे जाणे योग्य ठरणार नाही. त्याचा संबंधही आपल्या शेजारच्या येवला तालुक्याशी येतो. येवल्यात जन्मलेल्या ललिता पवार या त्या वेळी नायिका म्हणून नावारूपाला आल्या होत्या. १९४२ साली 'जंग-ए-आझादी' या चित्रपटाच्या चित्रीकरणात भगवान यांनी त्यांना थप्पड मारण्याचा प्रसंग होता. ती थप्पड प्रत्यक्षात फार जोराने बसली. ललिताबाईंच्या चेहऱ्याच्या डाव्या बाजूस पक्षाघात झाला व डाव्या डोळ्याची शीर फुटली. सुमारे तीन वर्षे उपचार चालले, तरी डोळ्यातील दोष कायम राहिला.

नायिका म्हणून त्यांची वाट या अपघाताने बंद झाली. परंतु त्या घरी बसल्या नाहीत. त्यांनी चरित्रभूमिका स्वीकारल्या. खाष्ट सासूपासून 'अनाडी'तील कनवाळू घरमालकिणीपर्यंत, तसेच दूरदर्शनवरील 'रामायण' मालिकेतील मंथरेपर्यंत, असंख्य भूमिकांतून त्यांनी आपले स्थान निर्माण केले. अधू डोळा हीच प्रेक्षकांच्या लेखी त्यांची ओळख ठरली.

अंगमेहनतीचा विनोद आणि मारामारी यांचा विचार करताना हा प्रसंग आपल्या ध्यानात असावा. पडद्यावरील थपडेला आपण निश्चिंतपणे हसतो, कारण तिने कोणाला इजा होत नाही असा आपला विश्वास असतो. हा विश्वास सांभाळणे हे कलावंतांचे कसब असते. हात किती वेगाने यावा, मान कोणत्या क्षणी फिरावी, पाय कोठे टेकावा, याचे गणित चुकले तर हास्याच्या जागी दुखापत येते. आपल्या विश्रांतीसाठी दुसऱ्याचे शरीर जोखीम पत्करत असते. गिरणीतील यंत्राप्रमाणेच चित्रीकरणाची जागा हेही श्रमाचे आणि अपघाताचे ठिकाण आहे.

६. 'अलबेला'चे यश

स्टंटपट करणाऱ्या भगवान यांना सामाजिक कथेचा चित्रपट करण्याचा सल्ला राज कपूर यांनी दिला. त्यातून १९५१ साली 'अलबेला' आला. निर्माते, दिग्दर्शक आणि नायक भगवानच होते. गीता बाली नायिका होत्या, गीते राजेंद्र कृष्ण यांची आणि संगीत सी. रामचंद्र यांचे होते. नायकासाठी पार्श्वगायनही सी. रामचंद्र यांनीच 'चितळकर' या नावाने केले; सोबतीला लता मंगेशकर यांचा स्वर होता.

कथानक साधे आहे. प्यारेलाल हा निवृत्त, गरीब बापाचा मुलगा. बहिणीच्या लग्नासाठी घरातल्या प्रत्येकाने पैसे उभे करायचे आहेत. पण प्यारेलालच्या डोक्यात नाटकाचे वेड आहे. नोकरी जाते, घरातून बाहेर पडावे लागते. मोठा कलावंत होऊनच परत येईन, असा निश्चय करून तो निघतो. पुढे रंगभूमीवर त्याला यश मिळते. तो घरी पैसे पाठवत राहतो. ते मधल्यामध्ये हडप होतात आणि घरची माणसे हलाखीत दिवस काढतात, याचा त्याला पत्ता नसतो.

गाणी आणि धमाल यांच्या आड या चित्रपटात पैशाची ओढाताण, बहिणीच्या लग्नाची चिंता आणि मुलाच्या वेडाला कंटाळलेला बाप आहे, हे आपण लक्षात घ्यावे. चाळीतील प्रेक्षकाला ही माणसे ओळखीची वाटली. त्या वर्षीच्या सर्वाधिक चाललेल्या चित्रपटांमध्ये 'अलबेला'ची गणना झाली. या यशानंतर भगवानदादांकडे वैभव आले. जुहूच्या समुद्रकिनाऱ्यावर पंचवीस खोल्यांचा बंगला आणि आठवड्याच्या प्रत्येक वारासाठी एक याप्रमाणे सात मोटारी त्यांच्याकडे होत्या, असे सांगितले जाते.

७. भगवानदादांचा आंगिक विनोद

नाट्यशास्त्रात अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे चार प्रकार सांगितले आहेत. भगवानदादांचा भर आंगिक अभिनयावर, म्हणजे शरीराच्या हालचालींतून होणाऱ्या अभिनयावर होता. हास्यरसाची कारणे सांगताना भरतमुनींनी विपरीत वेष व अलंकार, विचित्र वागणे आणि अंगाच्या वेड्यावाकड्या हालचाली यांचा निर्देश केला आहे. आज आपण ज्याला खुळचट विनोद म्हणून नाक मुरडतो, त्याची अशी शास्त्रीय नोंद शतकानुशतकांपूर्वी झालेली आहे.

भगवानदादांची अंगकाठी ठेंगणी आणि स्थूल होती. नायकाच्या रूढ कल्पनेत ती बसत नव्हती. या उणिवेचेच त्यांनी भांडवल केले. त्यांच्या नृत्यात लांब उड्या किंवा अवघड गिरक्या नाहीत. कोपरात किंचित वाकवलेले हात, तालावर हलणारी कंबर, जागच्या जागी टाकलेली छोटी पावले आणि मिस्कील डोळे, एवढ्या मोजक्या साधनांवर ते नृत्य उभे असते. ते पाहताना आपल्यालाही हे जमेल, असे प्रेक्षकाला वाटते आणि ते खरोखर जमतेही. गणपतीच्या मिरवणुकीत किंवा लग्नाच्या वरातीत बँड वाजू लागला, की कधीही नृत्य न शिकलेली माणसे जे नाचतात, त्यात भगवानदादांच्या पावलांचा अंश असतो. अमिताभ बच्चन यांच्यासारख्या पुढील पिढीतील नायकांच्या नृत्यातही त्यांच्या शैलीची छाया दिसते.

थकलेल्या मनाला असा विनोद का रुचतो? एक तर तो समजण्यास आधीचे काही लक्षात ठेवावे लागत नाही. घसरणारा पाय कोणत्याही भाषेत घसरतो. दुसरे म्हणजे, पुढे काय होणार याचा अंदाज प्रेक्षकाला आधीच येतो आणि तो खरा ठरल्याचा आनंद मिळतो. तिसरे आणि महत्त्वाचे कारण असे, की दिवसभर आपण स्वतःचे शरीर शिस्तीत जखडून ठेवलेले असते. पडद्यावरचे एक शरीर ती शिस्त मोडते, पडते आणि पुन्हा उठते. ते उठणे पाहून आपल्यालाही सुटल्यासारखे वाटते.

८. उतरता काळ

'अलबेला'नंतर 'झमेला' (१९५३) आला. १९५६ साली किशोर कुमार यांना घेऊन केलेल्या 'भागम भाग'लाही यश मिळाले. त्यानंतर मात्र यशाने पाठ फिरवली. चित्रपट पडत गेले, कर्ज वाढत गेले. बंगला विकावा लागला, मोटारी गेल्या, स्टुडिओही हातातून सुटला. 'अलबेला'च्या नावाशी यमक जुळवणारा 'लाबेला' (१९६६) जुने दिवस परत आणू शकला नाही.

भगवानदादा पुन्हा दादरच्या चाळीत राहावयास आले. ज्यांनी कधी काळी दुसऱ्यांना काम दिले, ते आता मिळेल ते काम स्वीकारू लागले. 'झनक झनक पायल बाजे' आणि 'चोरी चोरी' यांसारख्या चित्रपटांतील भूमिका सोडल्या, तर पुढे त्यांच्या वाट्याला आल्या त्या बहुतेक क्षणभराच्या भूमिका. अनेकदा गाण्यात दोन पावले टाकण्यापुरत्या. भरभराटीच्या काळातील गोतावळा पांगला. सी. रामचंद्र, राजेंद्र कृष्ण आणि ओम प्रकाश हे मित्र मात्र चाळीत त्यांना भेटावयास येत राहिले.

या उतरणीकडे आपण कसे पाहावे? चरित्रकार बहुधा अशा आयुष्याला शोकांतिका म्हणून मोकळे होतात. परंतु शून्यातून स्टुडिओपर्यंत गेलेला हा माणूस खाली आल्यावरही काम करीतच राहिला. वयाच्या उत्तरार्धातील त्यांची छोटी छोटी कामे पाहिली, तर हाताची लकब तीच आणि डोळ्यांतील मिस्कीलपणाही तोच आढळतो. रोजंदारीवर जाणारा कामगार काम लहान म्हणून कसूर करीत नाही, तशीच ही वृत्ती होती. त्याच वेळी हेही नोंदवले पाहिजे, की ज्या उद्योगाला त्यांनी प्रेक्षक मिळवून दिले, त्या उद्योगात वृद्ध कलावंताच्या निर्वाहाची पुरेशी तरतूद नव्हती. लोकांचा श्रमपरिहार करणाऱ्याच्या श्रमांचा परिहार कोणी करावयाचा, हा प्रश्न त्यांच्या आयुष्याने मागे ठेवला आहे.

४ फेब्रुवारी २००२ रोजी दादर येथील राहत्या घरी हृदयविकाराच्या झटक्याने भगवानदादांचे निधन झाले. त्या वेळी ते ८८ वर्षांचे होते. २०१६ साली त्यांच्या जीवनावर 'एक अलबेला' हा मराठी चित्रपट आला. त्यात मंगेश देसाई यांनी त्यांची भूमिका साकारली.

९. सारांश

भगवानदादांचे आयुष्य एका गिरणी कामगाराच्या घरातून सुरू झाले, वैभवाला पोहोचले आणि पुन्हा चाळीत येऊन थांबले. या प्रवासात त्यांचा प्रेक्षक बदलला नाही; कष्ट करून आलेला सामान्य माणूस हाच त्यांचा अखेरपर्यंतचा प्रेक्षक होता. त्यांच्या चित्रपटांनी थोर विचार मांडला नाही, परंतु थकलेल्यांना विश्रांती देण्याचे, नाट्यशास्त्राने मान्य केलेले एक प्रयोजन पार पाडले. त्या विश्रांतीमागे कौशल्य, जोखीम आणि अखंड श्रम होते. ललिता पवार यांच्यासारख्या सहकलावंतांनीही त्या जोखमीची किंमत मोजली होती.

तेव्हा कामावरून आल्यावर अभ्यासाआधी आपण एखादा आपटाआपटीचा चित्रपट पाहिला, तर त्याबद्दल ओशाळण्याचे कारण नाही. तो वेळ आपल्या आधीच्या पिढ्यांनी झगडून मिळवलेला आहे. पाहताना इतकेच करावे, की एखाद्या पडण्याला आपण का हसलो, ते पडणे कसे साधले गेले आणि पडणारा माणूस कोण होता, याचाही थोडा विचार करावा. विश्रांती आणि अभ्यास यांतील अंतर तेवढ्याने पुष्कळ कमी होईल.

१०. स्वाध्याय

१. 'श्रमपरिहार' या संकल्पनेचा अर्थ स्पष्ट करून तिचा नाट्यशास्त्रातील प्रयोजनविचाराशी असलेला संबंध विशद करा.
२. भगवानदादांच्या आंगिक अभिनयाची वैशिष्ट्ये सोदाहरण लिहा.
३. 'जंग-ए-आझादी'च्या चित्रीकरणातील प्रसंगाच्या आधारे विनोदनिर्मितीतील श्रम व जोखीम यांवर टिपण लिहा.
४. आपल्या गावातील वयस्क व्यक्तींशी बोलून त्यांच्या तरुणपणी कामानंतरच्या विरंगुळ्याची कोणती साधने होती, याची माहिती मिळवा व सुमारे ३०० शब्दांत मांडा.